पद्माक्कांच्या नावावर खपवलेला वारा

तमाम विश्वाला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरील महाकाय कृष्णविवर आज सकाळी नऊपासून उद्या विजयादशमीच्या पूजेपर्यंत बंद राहील. या काळात त्याने एकही कण गिळू नये आणि एकही कण बाहेर फेकू नये. शेजारच्या दीर्घिकांनी सहकार्य करावे. हुकुमावरून, पद्मा राव.

ही सूचना पद्मा राव यांनी लिहिलेली नाही. ती मी लिहिली, त्यांचं नाव खाली घातलं आणि आयुधपूजेच्या सकाळी संगणकखोलीच्या दारावर चिकटवली. पद्माक्कांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि पदराआड इतक्या हसल्या की हातातली कुंकवाची वाटी कलंडली. पुढे ही सूचना माझ्या एका गोष्टीची सुरुवात झाली. ती गोष्ट मी बारा-तेरा वर्षं सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, विमानतळावर, परदेशी पाहुण्यांसमोर, कुठेही. गेल्या महिन्यात एका दुपारी आमच्या कँटीनमध्ये पुण्याहून आलेल्या दोन पाहुण्यांना मी तीच सांगत होतो. समोर दहीभात, हातात अप्पळम म्हणजे इकडचा पापड, गोष्ट ऐन रंगात... आणि खिशातला फोन वाजला. गोविंदअण्णा. पद्माक्कांचे थोरले भाऊ. मी फोन कापला. गोष्ट शेवटाला आली होती, आणि शेवटाला येणारा हशा सोडून द्यायची सवय मला नाही. पाहुणे पोट धरून हसले. मग सावकाश हात धुऊन मी अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "शिरीषराव, पद्मा गेली की. सकाळी पूजेची फुलं काढूलाली होती, तिथेच बसली... आणि गेली."

म्हणजे ज्या क्षणी तिचा भाऊ मला हे सांगायला धडपडत होता, त्या क्षणी मी तिच्यावर लोकांना हसवत होतो. वाचकांना वाटेल, हा योगायोग, यात लाज कसली? लाज कसली ते सांगायलाच बसलो आहे.

मी अकोल्याचा. चेन्नईत नोकरीला आलो तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात संगणकखोलीतल्या कपाटांएवढ्या यंत्रांकडे आ वासून बघत उभा होतो, तेव्हा मागून आवाज आला, "काय करूलालांत?" दचकून वळलो. निळी सुती साडी, वेणीत अबोलीचा तुकडा, हातात चाव्यांचा जुडगा. बोलण्याची चाल पुरती तमिळ, पण शब्द? मी विचारलं, "तुम्ही मराठी?" "मग काय? तंजावरचे आम्ही. तीनशे वर्षं झालीं की इकडे येऊन. तुम्ही कधी आलांत?" मी म्हणालो, "सोमवारी." त्या जे हसू लागल्या ते थांबेचनात. त्या दिवसापासून त्या माझ्या पद्माक्का आणि मी त्यांचा शिरीषराव. त्या 'मी केलं' म्हणत नसत, 'मी केलों' म्हणत. 'तुम्हांला'ऐवजी 'तुम्हांस' म्हणत आणि 'करताय'ऐवजी 'करूलालांत'. महाराष्ट्रातून आलेल्या आमच्या मित्रमंडळात मी त्यांची हुबेहूब नक्कल करत असे. त्यांच्यासमोरही करत असे. त्या म्हणायच्या, "बरं येतं की तुम्हांस. अजून दहा वर्षांत आमच्यात घेऊ."

हुद्द्याने त्या तांत्रिक अधिकारी. गणितात एम.एस्सी., पण त्यापुढची पदवी नाही. म्हणून आम्ही प्राध्यापक आणि त्या 'साहाय्यक'. खरं तर आमचा सगळा कोड त्यांच्या जिवावर उभा होता. संशोधक येत, हजारभर ओळी लिहीत आणि परदेशी निघून जात. मागे राहिलेल्यातली कुठली ओळ कोणी, कधी, कुठल्या घाईत लिहिली, हे फक्त अक्कांना ठाऊक. "हे कोण लिहिला?" असं त्या विचारत तेव्हा खरकटं भांडं तसंच ठेवून कोण उठला, असं विचारल्यासारखं वाटे.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगतो. मोठ्या दीर्घिकेच्या पोटात एक महाकाय कृष्णविवर बसलेलं असतं. लोकांना वाटतं ते नुसतं गिळतं. पण त्याच्याकडे कोसळणारा वायू इतका तापतो आणि झळाळतो की त्या उजेडाचाच धक्का भोवतालच्या धुळीला बसतो. धूळ म्हणजे काजळीसारखे बारीक कण. ती बाहेर ढकलली जाते आणि जाताना वायूलाही ओढून नेते. जेवायला बसलेल्याच्या पानातलं अन्न त्याच्याच फुंकरीने उडून जावं, तसा हा वारा. तो किती वायू घेऊन जातो यावर त्या दीर्घिकेत पुढे किती तारे जन्मणार हे अवलंबून असतं. तिथे जाऊन मोजता येत नाही, म्हणून आम्ही संगणकात अवकाशाचे लाखो कप्पे पाडतो, प्रत्येक कप्प्यात किती वायू, किती धूळ, किती उजेड ते मांडतो आणि काळ एकेक पाऊल पुढे ढकलत राहतो. हे झालं सिम्युलेशन.

यात मेख आहे ती रिकाम्या कप्प्यांची. वाऱ्याने एखादा कप्पा पार झाडून नेला की शून्याने भागायची वेळ येते आणि सगळं गणित आडवं होतं. म्हणून कोडला सांगून ठेवलेलं असतं, की कुठल्याही कप्प्यातला वायू एका ठरावीक पातळीखाली गेला तर तिथे आपला चिमूटभर टाकायचा. त्या पातळीला आम्ही 'तळ' म्हणतो. हा वायू खरा नव्हे. गणित चालावं म्हणून घातलेला. चिमूट इतकी बारीक हवी की तिने कशातच फरक पडू नये. ती किती, हे एका फाईलमधल्या एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि त्या ओळीला अक्कांना विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असा अलिखित नियम होता. "मिठासारखं आहे ते, शिरीषराव," त्या सांगत. "जास्त झालं तर काय शिजवलों तेच कळत नाही."

दुसरा नियम आयुधपूजेचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तमिळ देशात प्रत्येक हत्याराला सुट्टी. बस, रिक्षा, शिवणयंत्र, वजनकाटा, सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत त्यांना कोणी कामाला लावत नाही. अक्का त्या सकाळी चालू सिम्युलेशनला त्याची पूर्ण स्थिती जतन करायला लावत, मग थांबवत, यंत्रांची कपाटं ओल्या फडक्याने पुसत, जॉर्ज टाउनच्या फूलबाजारातून आणलेले हार घालत आणि आम्हांला चुरमुरे-डाळं वाटत. मी एकदा म्हणालो, "अक्का, यंत्राला काय कळतंय?" त्या म्हणाल्या, "वर्षभर आपण त्यास विचारतच असतों की. एक दिवस कोणी काही विचारू नये."

त्या वर्षी मला तीन आठवड्यांत परदेशी एका मोठ्या सभेत भाषण करायचं होतं, आणि वारा काही सुटत नव्हता. विरळ वायू उजेडाच्या धक्क्याने भन्नाट वेग घेतो, वेग वाढला की काळाचं पाऊल लहान करावं लागतं, आणि सिम्युलेशन गोगलगायीसारखं सरपटतं. त्यात आणि सुट्टी! दारावर ती सूचना चिकटवून, सगळ्यांना हसवून मी घरी गेलो. श्रीखंड-पुरी जेवलो. बायको वामकुक्षी घेत होती. मी लॅपटॉप उघडला, संस्थेच्या यंत्रात शिरलो, ती फाईल काढली आणि तळ शंभर पटीने वर उचलला. तळ वर गेला की विरळ वायूच उरत नाही, आणि काम धावायला लागतं. फक्त बघू, म्हटलं. अक्कांनी सकाळी जतन केलेल्या स्थितीपासून सिम्युलेशन सुरू केलं, आणि चार तासांत पडद्यावर असा वारा उसळला की मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. धुळीचे दोन पंखे, वर एक, खाली एक, मोराने पिसारा फुलवावा तसे. मग स्थिती जतन करून, सगळं थांबवून मी उठलो. ती ओळ परत पूर्वीसारखी करणार होतो. हे खरं आहे... आणि त्याचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी नारळ फोडला, हार उतरवले आणि सिम्युलेशन सुरू करायचा हुकूम दिला. कोड नेहमी सगळ्यात अलीकडची जतन केलेली स्थिती उचलतो. ती माझी होती, तळही माझाच. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. माझ्या तोंडात चुरमुरे होते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

भाषण गाजलं. परत येऊन मी शोधनिबंधाचा मसुदा लिहिला आणि लेखकांत चौथं नाव घातलं: पद्मा राव. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी नावाच्या पानाची एक छापील प्रत मागून घेतली, दुमडू नये म्हणून वहीत घालून घरी अण्णांना दाखवायला नेली. आणि आपलं नाव आहे तर आपण तपासायला हवं, म्हणून त्या तपासायला बसल्या. दुसऱ्या कोणी तपासलं नसतं. चार दिवसांनी आमच्या बैठकीत, पडद्यावर परदेशातले सहकारी, खुर्चीत संचालक, अशा वेळी त्या उभ्या राहिल्या. बोलणं इंग्रजीतच चाललं होतं, पण मला ते त्यांच्या मराठीतच आठवतं. "आत होता त्याहून जास्त वायू बाहेर पडूलालाय, सर. कुठून येतो ते शोधायला पाहिजे." कोणीतरी विचारलं, "कधीपासून?" "आयुधपूजेपासून," त्या म्हणाल्या.

खोली शांत झाली. तो वायू कुठून येतो ते मला कळलं. एका क्षणात, पूर्ण, अगदी आकड्यासकट कळलं. आणि शांतता मला सोसवत नाही, म्हणून मी उठलो आणि सुरू झालो: मंडळी, आमच्याकडे कृष्णविवराला वर्षातून एक सुट्टी असते. चंदन लागतं, हार पडतो. पण सुट्टीवरून कामावर येताना हे बिचारं गावभरचा वायू पिशवीत भरून घेऊन आलं! पडद्यावरचे हसले. खोलीतले हसले. दारावरची सूचना मी पाठ म्हणून दाखवली तेव्हा तर कहर झाला. फक्त संचालक हसले नाहीत. ते म्हणाले, "पद्मा, परत सुरू तुम्हीच केलंत?" त्या म्हणाल्या, "होय सर. मीच सुरू केलों." ते खरंच होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहतों मी."

यंत्र सगळं लिहून ठेवतं. कोण आत शिरला, किती वाजता, काय बदललं. म्हणजे त्यांना कळणारच. दोन दिवस मी वाट पाहिली. माफीची भाषणं तयार केली, एक रडवं, एक मर्दानी, एक विनोदी. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. "तळ शंभर पट झाला होता. सरळ करून पहिल्यापासून लावलों आहे." मी म्हणालो, "बरं झालं सापडलं." त्या जरा थांबल्या. दाराच्या चौकटीवर हात ठेवून, काहीतरी पडलेलं मी उचलून देईन अशी वाट बघितल्यासारख्या... मग म्हणाल्या, "जेवलांत?" मी म्हणालो, "हो." आणि त्या गेल्या.

पुढे असं झालं. यंत्रातल्या नोंदी अक्कांखेरीज कोणी पाहिल्याच नाहीत, आणि परत सुरू करताना त्यांचीच चूक झाली असं धरलं गेलं. आयुधपूजेला यंत्र बंद करायचं नाही, असा आदेश निघाला. सिम्युलेशन थांबवायचा-चालवायचा अधिकार अक्कांकडून काढून एका नव्या माणसाला दिला. आणि लेखकांच्या यादीवर चर्चा झाली तेव्हा ज्यांच्या हातून चूक झाली त्यांचं नाव राहू नये असं ठरलं. त्या बैठकीत मी होतो. मी होकाराची मान हलवली. सहा महिने लागून खरा वारा आला; बारीक, विरळ, मोरपिसारा वगैरे काही नाही. अक्का पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "एवढाच आहे. पण आहे." निबंध छापून आला. पद्मा राव यांचे तांत्रिक साहाय्याबद्दल आभार, शेवटून दुसऱ्या ओळीत. त्याची प्रतही त्यांनी मागून घेतली. घरी दाखवायला नेली का, ते मी विचारलं नाही.

आणि मी काय केलं? त्याची गोष्ट केली. 'पद्माक्का आणि सुट्टीवर गेलेलं कृष्णविवर.' दर वेळी थोडी सुधारली. त्यांच्या मराठीची नक्कल घातली. त्यांच्या निवृत्तीच्या निरोपाला तीच सांगितली. त्या पहिल्या रांगेत बसून हसत होत्या. चेन्नईतच, नुंगंबाक्कमला त्या आणि अण्णा राहत, दोघंही बिनलग्नाचे. त्यांच्या घरी सणाला मी जेवायला जाई. उडदाच्या पिठाचं, दह्यात कालवलेलं डांगर त्या माझ्यासाठी वेगळं वाढून ठेवत. तिथेही, त्यांच्या पानावर बसून, मी हीच गोष्ट सांगे. अण्णाच म्हणत, "सांगा की ती, कृष्णविवराची." अण्णा आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले गृहस्थ, अचूक जागी हसत.

अक्का गेल्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. अण्णांनी डबरा-टंबलरमधून, म्हणजे पितळी वाटी-पेल्यातून, कॉफी दिली आणि समोर बसले. मग म्हणाले, "आता ती नाही, तर सांगायला हरकत नाही. तळ तुम्हीच वाढवला होतांत, शिरीषराव. यंत्रात तुमचंच नाव होतं. पद्मा ते पाहिली होती." ते पुढे म्हणाले, "मी म्हणालों, सांग सगळ्यांस. ती म्हणाली, नको. त्यांस आठवणच नाही. दिवसात दहा गोष्टी बदलतात, एक आठवत नाही. डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा शोधणारे ते. ठाऊक असतं तर त्या बैठकीत असं हसले असते का? कळलं तर मनास लावून घेतील, म्हणाली. म्हणून आम्ही दोघं गप्प राहिलों."

आता माझ्यासमोर एक वयोवृद्ध माणूस होता, त्याच्या मागे भिंतीवर बहिणीचा हार घातलेला फोटो होता, आणि खोलीत तिसरं कोणी नव्हतं. खरं बोलायला याहून सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी टंबलर खाली ठेवला, दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि म्हणालो, "मी? अण्णा... मी केलं ते? अरे देवा!" आवाज हवा तिथे फाटला. डोळ्यांत पाणीही आलं. ते मात्र खरं होतं, आणि तेही मी वापरलं. अण्णा घाईघाईने उठले. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "जाऊं द्या की. माणूस विसरतोच. ती रागावली नव्हती, खरंच. घ्या, कॉफी घ्या, निवूलाली." बहीण जाऊन चार दिवस झालेला माणूस माझी समजूत काढत होता, आणि मी ती काढून घेत होतो.

तीन आठवड्यांनी संस्थेत स्मरणसभा झाली. अक्कांच्या हाताखाली कोड शिकलेली मीनाक्षी आता आमच्याकडे प्राध्यापक आहे. तिने सभा ठरवली होती. रडारड नको, अक्कांना आवडली नसती, म्हणून ती मला म्हणाली, "सर, तुम्ही ती आयुधपूजेची गोष्ट सांगा." अण्णा पहिल्या रांगेत होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मी उभा राहिलो. सूचना म्हणून दाखवली, हशा. 'काय करूलालांत' केलं, हशा. अण्णांकडे लक्ष गेलं. ते हसत होते, आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. सगळी गोष्ट त्यांना पाठ होती. पुढचं वाक्य आलं की ते आधीच हसायची तयारी करत, मला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून. दोघं भाऊबहीण बारा-तेरा वर्षं माझ्यासमोर हे करत आले होते.

पुढचं वाक्य माझ्याने बोलवेना. मी म्हणालो, "गोष्ट इथवर खरी आहे. पुढची नाही. तळ मी वाढवला होता, घरून, दुपारी. अक्कांची काही चूक नव्हती. त्यांचं नाव निबंधावरून गेलं ते माझ्यामुळे. आणि मी विसरलो नव्हतो... त्या बैठकीतही मला ठाऊक होतं. तेव्हापासून दर वेळी ही गोष्ट सांगताना ठाऊक होतं. एक दिवसही विसरलो नाही." मीनाक्षी खाली बघत होती. मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी समजुतीचं बोलेल. अशा वेळी कोणीतरी बोलतंच. अण्णा खुर्चीचे हात धरून अर्धे उठले. माझ्याकडे नाही, आजूबाजूच्या लोकांकडे बघत, जणू त्यांच्यापैकी कोणी सांगू शकेल, असे मोठ्याने म्हणाले, "अय्यो रामा! मग त्या दिवशी मी यांस धीर कशाला दिलों?"